फेकण्याआधी एक शब्द घालून बघा

दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्याच आठवड्यात घरोघरी साफसफाई चालू होती. आमच्या इमारतीखाली भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. तिच्यावर रद्दीचे गठ्ठे, गंजलेला मिक्सर, पत्र्याचे दोन डबे आणि सगळ्यात वर एक लॅपटॉप. लॅपटॉप सुमनमावशींचा होता. मी जिना उतरत होतो म्हणून दिसला.

"अहो मावशी, हा का देताय?"

"पडदा गेलाय त्याचा. दुकानात दाखवला तर साडेचार हजार म्हणाले. बारा-तेरा वर्षांच्या मशीनवर कोण घालणार एवढे?"

गणपतीत त्यांचा पुतण्या आला होता. विंडोजचं आता काही खरं नाही म्हणून त्याने लिनक्स मिंट बसवून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. तेव्हापासून पडदा काळा. मी तो लॅपटॉप हातगाडीवरून उचलून घरी आणला आणि बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह लख्ख उमटलं, दोन सेकंद थांबलं, आणि काळोख. खोलीतला दिवा मालवला, मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. आत पुसट अक्षरं दिसली. मावशींचं नाव, खाली पासवर्डची चौकट. म्हणजे चित्र व्यवस्थित येत होतं. फक्त पडद्यामागचा दिवा लागत नव्हता. आणि तो दिवाही गेलेला नव्हता, कारण सुरुवातीचं चिन्ह त्याच्याच उजेडात तर दिसलं होतं!

रोग कुठे आहे ते इथेच कळलं. कंपनीचं चिन्ह दिसेपर्यंत मशीन त्याच्या स्वतःच्या बायोसच्या ताब्यात असतं. त्यानंतर ताबा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे जातो. ताबा बदलला की उजेड जातो, म्हणजे चूक त्या देवाणघेवाणीत. पडदा, वायर, दिवा सगळं निर्दोष. अकरा मिनिटांनी त्या लॅपटॉपवर उजेड आला. एक स्क्रू उघडला नाही, एक रुपया लागला नाही. कर्नलला सुरू होताना एक जास्तीचा शब्द सांगितला, एवढंच.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे दिवसाला वीस मशीनं येतात. काळा पडदा दिसला की पडदा बदलायचा हा त्याचा ठोकताळा, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरत असेल. पण तुमच्या घरी एकच मशीन आहे आणि तुमच्याकडे रविवार आहे. म्हणून हे आवाहन. जुना संगणक भंगारात देण्याआधी, पार्ट बदलण्याआधी किंवा सगळं पुसून पुन्हा बसवण्याआधी अर्धा तास काढा आणि कर्नलला एक शब्द सांगून बघा.

कर्नल म्हटल्यावर मावशींनी विचारलं होतं, "कोण कर्नल? मिलिटरीतले?" तुलना अगदीच वाया जाणारी नाही. मशीनमधला प्रत्येक भाग, म्हणजे पडदा, कळफलक, पंखा, वायफाय, याच साहेबांच्या हुकमाने चालतो. तुमचे ब्राउझर आणि टायपिंगचे प्रोग्रॅम थेट हार्डवेअरला हात लावत नाहीत, ते कर्नलकडे अर्ज करतात. आणि साहेब ड्यूटीवर हजर होताना त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली जाते. एका ओळीचीच असते ती. डिस्क कोणती, पडद्यावर बडबड करायची की गप्प राहायचं, अशा सूचना तिच्यावर असतात. या ओळीच्या शेवटी आपण आणखी एक शब्द लिहू शकतो. तोच बूट ऑप्शन.

ही चिठ्ठी काही नवीन नाही. नव्वदच्या दशकात पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर सीडीवर लिनक्स मिळायचं, तेव्हा आम्ही पोरं एका बँकेच्या संगणक विभागात रात्री थांबून ते बसवायचो. त्या काळी नेटवर्कचं कार्ड स्वतःची ओळख सांगत नसे. कार्डावरच्या छोट्या पिना हलवून त्याचा पत्ता ठरवायचा आणि मग कर्नलला हाताने सांगायचं: इथर, बरोबर, १०, मग ०x३००. म्हणजे बाबा रे, १० नंबरच्या घंटीवर हे कार्ड हाक मारेल आणि अमुक पत्त्यावर भेटेल. मेमरीचंही तसंच. बायोसला मेमरी विचारायची जी जुनी पद्धत होती तिच्यात ६४ एमबीच्या पलीकडचा आकडाच बसत नसे. १२८ एमबी घातली तरी कर्नल ६४ च धरून चालायचा. मग चिठ्ठीवर मेम, बरोबर, १२८एम असं लिहिलं की डोळे उघडायचे. बँकेत एका मशीनला हे लिहायचं राहून गेलं होतं, आणि अर्धी मेमरी महिनाभर नुसती बसून पगार खात होती.

पुढे पीसीआयची कार्डं आली. ती विचारल्यावर स्वतःचं नाव-गाव सांगू लागली आणि चिठ्ठी हळूहळू रिकामी झाली. आता तिची गरज काय, असं आम्हालाही वाटलं होतं. पण एक निराळीच भानगड सुरू झाली. पूर्वीचं हार्डवेअर मुकं होतं. आताचं बोलतं, पण खोटं बोलतं.

खोटं म्हणजे कसं, ते नीट सांगतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. १९९६ च्या अखेरीस एसीपीआय नावाचा एक करार ठरला. पंखा, बॅटरी, झाकण मिटल्यावर झोपणं, पडद्याचा उजेड या सगळ्याचे नियम मशीनच्या बायोसमध्ये एका तक्त्यात लिहून ठेवायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ते वाचून वागायचं. कल्पना चांगलीच. पण त्या तक्त्यात एक प्रश्नही असतो: "तू कोण?" सुरू होणाऱ्या सिस्टिमला बायोस विचारतो, तू अमुक सालची विंडोज आहेस का? आणि उत्तराप्रमाणे वागणूक बदलतो. मशीन बनवणारे चाचणी घेतात ती विंडोजवर. दुसऱ्या उत्तराचा रस्ता कोणी चालूनच पाहिलेला नसतो. म्हणून लिनक्सचा कर्नल सरळ सांगतो, "हो, मी विंडोज." २००७ मधल्या २.६.२३ आवृत्तीपासून तर "तू लिनक्स आहेस का?" असं कोणी विचारलं तर तो "नाही" म्हणतो! बायोसमधला लिनक्ससाठीचा भाग कधीकाळी कुठून तरी उचललेला आणि न तपासलेला असे. खरं सांगितलं की जास्त मार खावा लागायचा.

आता या अशा संसारात कधी कधी गैरसमज होणारच. मावशींच्या लॅपटॉपवर तेच झालं होतं. विंडोज ७ च्या जमान्यातलं मशीन. उजेड कमी-जास्त करण्याचे त्यात दोन रस्ते: एक बायोसच्या तक्त्यातून जाणारा, दुसरा थेट ग्राफिक्सच्या चिपकडे जाणारा. तक्ता म्हणत होता, माझ्याकडून या. कर्नल त्याच्याकडून गेला. तो रस्ता पुढे बंद होता. उजेडाची कळ दाबली की पडद्यावरची पट्टी वरखाली व्हायची, टॉर्चमध्ये मला ती दिसतही होती, पण दिवा ढिम्म.

तर मी काय केलं? मशीन पुन्हा चालू केलं आणि चिन्ह दिसताच एस्केपची कळ एकदा दाबली. खूप जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरावी लागते. ग्रबची, म्हणजे कर्नलला चिठ्ठी देऊन बोलावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी आली, आणि तीही लख्ख उजेडात, कारण कर्नल अजून आलेलाच नव्हता. (एस्केप उतावीळपणे तीन-चारदा दाबली तर यादीऐवजी नुसतं 'ग्रब' आणि पुढे एक कोन एवढंच दिसतं. घाबरू नका. 'नॉर्मल' असं टाइप करून एंटर दाबा आणि लगेच एकदा एस्केप.) यादीतल्या पहिल्या ओळीवर थांबून ई दाबलं. दहा-पंधरा ओळींचा मजकूर उघडला. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते, शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असे शब्द असतात. त्या ओळीच्या टोकाला गेलो, एक जागा सोडली आणि लिहिलं: एसीपीआय, खालची रेघ, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह, व्हेंडर. मग कंट्रोल आणि एक्स एकत्र. एफ १० दाबलं तरी चालतं.

पुन्हा काळोख. बटण दाबून बंद केलं, परत तोच रस्ता, या वेळी व्हेंडरच्या जागी नेटिव्ह. म्हणजे बायोसला विचारू नकोस, थेट चिपशी बोल. कंट्रोल-एक्स. आणि पडद्यावर मावशींच्या नातवाचा फोटो, पूर्ण उजेडात.

यातली जी गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगायची आहे ती अशी: ई दाबून केलेला बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. चुकीचा शब्द घातला, मशीन अडकलं, तर बंद करून चालू करा. चिठ्ठी पहिल्यासारखी. औषधाच्या दुकानात गोळी गिळून बघा आणि नाही लागू पडली तर परत द्या, असं कोणी म्हणेल का? इथे म्हणतात. मग घाबरायचं कशाला? तरी महत्त्वाचे फोटो आणि कागद दुसरीकडे ठेवलेले असावेत. ते काय, बूट ऑप्शन न घालताही ठेवलेले असावेत.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच शब्द. कुठून तरी मिळालेले सहा शब्द एकदम ओतणारे लोक मी पाहिलेत. मशीन चालू होतं, ते खूश होतात. पण सहापैकी कोणत्या एकाने काम केलं आणि उरलेले पाच काय बिघडवत आहेत, हे कायमचं कळत नाही.

आणि स्पेलिंग. माझी भाची सोलापूरला असते. तिच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्सचं वेगळं कार्ड होतं, उबंटू बसवल्यावर सुरू होताना पडदा गोठायचा. फोनवर तिला म्हटलं, शेवटी 'नोमोडसेट' लिही. पडद्याची रचना कर्नलने स्वतःच्या हातात घेऊ नये, बायोसने दिलेल्या साध्या चित्रावर काम भागवावं, असा त्याचा अर्थ. तिने लिहिलं. काही फरक नाही. पुन्हा केलं. नाही. "मामा, तुमचा शब्द चालत नाही." शेवटी म्हटलं, काय लिहिलंस ते एकेक अक्षर वाच. तर तिने नो, मोड, सेट असे तीन वेगळे शब्द लिहिले होते, मध्ये जागा सोडून. कर्नलला न ओळखीचा शब्द दिला तर तो थांबत नाही, रागावत नाही. तो पुढे ढकलून देतो आणि आपल्या कामाला लागतो. अलीकडच्या आवृत्त्या त्याची एक ओळ नोंदवून ठेवतात, पण ती सुरुवातीच्या शेकडो ओळींत कुठे तरी असते, कोण वाचतो? म्हणून 'शब्द लागू पडला नाही' असं ठरवण्याआधी तो पोचला का ते बघा. मशीन चालू झाल्यावर टर्मिनल उघडायचं आणि प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल कॅट करून बघायची. कर्नलच्या हातात पडलेली चिठ्ठी तिथे जशीच्या तशी दिसते. एक सवलत मात्र आहे. ऑप्शनच्या नावात आडवी रेघ आणि खालची रेघ यांत कर्नल फरक करत नाही. बाकी सगळं काटेकोर, लहान लिपीत.

आणखी एक खड्डा: एसीपीआय आणि एपीआयसी. अक्षरं तीच, गोष्टी दोन. पहिला तो बायोसचा तक्ता. दुसरी चिप, हार्डवेअरच्या हाका प्रोसेसरपर्यंत नेणारी. फोनवर सांगताना हमखास घोळ होतो, मी स्वतः केलाय.

तिसरी गोष्ट, शब्द सापडला की मगच तो कायमचा करायचा. उबंटू, मिंट, डेबियन यांच्यात ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते. आधी तिची एक प्रत काढा. मग त्या फाइलीत लांबलचक नावाची ओळ शोधा: ग्रब, सीएमडीलाइन, लिनक्स, डिफॉल्ट, मध्ये खालच्या रेघा. तिच्यातल्या दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत, क्वाएट स्प्लॅशच्या पुढे, आपला शब्द. अवतरणचिन्ह चुकून पुसलं जात नाही ना, ते बघा. मग टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब. हे शेवटचं विसरणारे खूप. फाइल बदलली, पण ग्रबला कळवलंच नाही, मग ओरड की काही होत नाही. फेडोरामध्ये याच कामासाठी ग्रबी नावाची आज्ञा आहे. रास्पबेरी पायवर ग्रबच नसतो, तिथे कार्डावर सीएमडीलाइनची एक छोटी फाइल असते. तिच्यात सगळं एकाच ओळीत हवं, एंटर मारला की संपलं.

आणि त्या फाइलीत आपल्या ओळीच्या वर हॅशचं चिन्ह टाकून एक ओळ स्वतःसाठी लिहा. काय घातलं, का घातलं, तारीख. मशीन ती ओळ वाचत नाही, माणूस वाचतो. तीन वर्षांनी तुम्ही किंवा तुमचा पुतण्या ती फाइल उघडणार आणि 'हे इथे कोणी आणि कशाला लिहिलं' म्हणून डोकं खाजवणार. देवघरातल्या जुन्या ताईतासारखं होतं मग. कोणी बांधला माहीत नाही, पण काढायची हिंमत नाही.

आता काही शब्दांबद्दल वाईट बोलतो. 'मिटिगेशन्स बरोबर ऑफ' हा शब्द मशीन पळवण्याचा मंत्र म्हणून सांगितला जातो. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी उघड झाल्या. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची गुपितं चोरून वाचता येतील अशा त्रुटी. त्यांवरचे बंदोबस्त थोडा वेग खातात, आणि हा शब्द ते सगळे बंदोबस्त एकदम उठवतो. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो त्यावर हा शब्द घालू नका. घराचं दार जड लागतं म्हणून कडी काढून ठेवण्याचा प्रकार आहे.

'एसीपीआय बरोबर ऑफ' हा घण. मशीन सुरू होईल कदाचित, पण बॅटरी किती उरली ते दिसणार नाही, बंद केल्यावर वीज तुटणार नाही, नव्या मशीनवर प्रोसेसरचे बरेचसे भाग वापरातच येणार नाहीत. रोग तक्त्यात आहे का एवढं तपासायला एकदा वापरा, कायमचा लिहू नका. नोमोडसेटचंही तसंच. उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये 'सेफ ग्राफिक्स' नावाचा जो पर्याय दिसतो तो मुळात हाच शब्द, आणि त्याची जागा तिथेच, बसवण्यापुरती. भाचीने ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर टाकल्यावर तो काढला. काढला नसता तर पडदा धुरकट आणि व्हिडिओ अडखळत, आणि दोष लिनक्सच्या माथी.

नोंदींच्या फाइलीत त्याच त्या चुकीच्या हजारो ओळी साठून डिस्क भरते, अशी एक तक्रार असते. तिच्यावर 'पीसीआय बरोबर नोएईआर' सांगतात. ओळी थांबतात हे खरं. पण त्याने तक्रार ऐकू येणं बंद होतं, तक्रारीचं कारण नाही. कधी कारण क्षुल्लक असतं, कधी स्लॉटमध्ये कार्ड सैल बसलेलं असतं. आधी कार्ड काढून नीट बसवा. मग कान झाका.

खराब मेमरीवरही शब्द आहे. मेमटेस्ट चालवल्यावर एका ठरावीक पत्त्यापाशीच चूक निघत असेल तर 'मेममॅप' या शब्दाने तेवढा तुकडा वगळ असं कर्नलला सांगता येतं. त्यात डॉलरचं चिन्ह लागतं आणि ग्रब त्या डॉलरचा भलताच अर्थ लावतो, म्हणून त्याच्या आधी तिरप्या रेघांचं कुंपण घालावं लागतं. मला विचाराल तर पोरांच्या खेळायच्या मशीनवर हा प्रयोग करा. दुकानाचा हिशेब ज्या मशीनवर असेल तिथे नवी मेमरी घ्या. सडलेला आंबा कापून उरलेला खायला हरकत नाही, पण पाहुण्यांच्या ताटात नको.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथेही एमएसकॉन्फिगच्या बूटच्या पानावर प्रोसेसरची संख्या आणि मेमरीची मर्यादा ठरवायच्या चौकटी असतात. त्यात टिक मारून वेग वाढतो अशी समजूत गावोगाव पसरली आहे. त्या चौकटी मर्यादा घालायला आहेत, वाढवायला नाहीत. टिक नसताना विंडोज सगळंच वापरतं.

ग्रबची ही यादी सगळ्यांसाठी उघडी असते, हेही ध्यानात ठेवा. इनिट या शब्दाने कोणीही पासवर्डशिवाय मशीनचा मालक होऊन बसू शकतो. घरातल्या लॅपटॉपला चालून जाईल. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या मशीनवर ग्रबला पासवर्ड लावा. खासगी कागद असतील तर डिस्क कुलूपबंद करा, म्हणजे मालक झाला तरी वाचायला काही मिळणार नाही.

आता आवाहनाचा दुसरा अर्धा भाग, जो लोक हमखास सोडून देतात. शब्द सापडला, उजेड आला, चहा झाला, विषय संपला. पण तुमच्याच मॉडेलचा लॅपटॉप नांदेडला कोणाकडे तरी आहे, नायजेरियातही असेल, आणि तो टॉर्च लावायला सुचणाऱ्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही.

कर्नल लिहिणाऱ्या मंडळींना असे शब्द वाढलेले आवडत नाहीत. नवा ऑप्शन घालणं तसं सोपं असतं. सी भाषेत एक लहानसं फंक्शन, त्याला नाव जोडणारी एक ओळ, आणि माहितीच्या फाइलीत चार ओळी. ती फाइल आताच काही हजार ओळींची आहे. तरी कोणी नवा ऑप्शन घेऊन आला की पहिला प्रश्न विचारतात: हे कर्नलला स्वतःला का कळू नये? वापरणाऱ्याने कशाला सांगायला हवं? मला हा प्रश्न फार रास्त वाटतो. चिठ्ठीवरचा प्रत्येक शब्द म्हणजे कर्नलला न समजलेली एक गोष्ट. म्हणून कर्नलमध्ये याद्या ठेवलेल्या असतात: अमुक कंपनी, अमुक मॉडेल, याला उजेडासाठी थेट चिपकडे जा; अमुक मॉडेलच्या कळफलकाला आधी रीसेट कर. यादीत मॉडेलचं नाव गेलं की चिठ्ठीची गरजच संपते. डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीत उजेडाचा रस्ता निवडण्याची पद्धत मुळापासून बदलली, त्यानंतर या यादीत बरीच नावं वाढली. ती नावं कोणी घरी बसून शोधली नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्यांनी कळवली.

कळवायचं ते असं. तुमच्या लिनक्सची त्रुटी नोंदवायची जी जागा असेल तिथे, मोडक्या इंग्रजीत चालेल, चार गोष्टी. मॉडेलचं नाव, कर्नलची आवृत्ती, कोणता शब्द लागू पडला, कोणता पडला नाही. न लागू पडलेलाही तितकाच महत्त्वाचा. आवृत्ती यूनेम या आज्ञेने कळते. मॉडेलचं नाव झाकणावरच्या स्टिकरवरून लिहू नका, कर्नल स्टिकर वाचत नाही. डीएमआय-डीकोड या आज्ञेने जे नाव दिसतं ते अक्षर-अक्षर तसंच द्या. पण त्या आज्ञेने निघालेलं सगळंच चिकटवू नका. त्यात मशीनचा सीरियल नंबर असतो, तो काढा.

कधी कधी त्या नावाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' एवढंच सापडतं. म्हणजे बनवणाऱ्याने फॉर्म भरलाच नाही, 'येथे नाव लिहा' हे छापलेलं तसंच सोडून माल बाजारात आणला. मदरबोर्ड बनवणाऱ्याचं नाव तरी बघा, तेही तसंच असेल तर यादीत नोंदवायला काहीच नाही. अशा मशीनला जन्मभर चिठ्ठीच. खरेदी करताना हे कोणी तपासत नाही, मीही नाही.

मावशींच्या लॅपटॉपचा फॉर्म भरलेला होता. मी चार ओळी पाठवल्या. दहा दिवसांनी कोणा अनोळखी माणसाने दोन प्रश्न विचारले, एक चाचणी करायला सांगितली. मी करून कळवलं. पुढे काय झालं मला कळलं नाही, मी विसरूनही गेलो. उन्हाळ्यात कर्नलची नवी आवृत्ती आली तेव्हा मावशींकडे जाऊन ग्रबच्या यादीत ई दाबलं आणि शब्द त्या वेळेपुरता पुसून बघितला. उजेड होता.

"म्हणजे कर्नलसाहेबांना माझं नाव कळलं तर," मावशी म्हणाल्या.

"तुमचं नाही हो, लॅपटॉपचं."

"तेच ते." असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि वीजबिल भरायला बसल्या. मी फाइलीतला शब्द पुसला, वरची हॅशची ओळ ठेवली आणि तिच्यापुढे तारीख घालून लिहिलं: काढला, गरज नाही.